लिंक्डइनवरून फिक्स्चर डिझाइनचं कॉन्ट्रॅक्ट काम कसं मिळवायचं?

वाळूज_टूलिंग (प्रश्न)

काम: वेल्डिंग आणि मशीनिंग फिक्स्चर (काम चालू असताना पार्ट जागेवर घट्ट धरणारी साधनं), थोडं शीट मेटल. सॉफ्टवेअर सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड. अनुभव ९ वर्षांचा. लिंक्डइनवर कनेक्शन दीड हजाराच्या आसपास आहेत आणि फोटोभोवती 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावलेली आहे. मेसेज येतात, पण सगळे कन्सल्टन्सीवाल्यांचे आणि सगळे पूर्णवेळ नोकरीचे. मला तासावर किंवा फिक्स्चरमागे ठरवून घेता येईल असं काम हवं आहे. 'जॉब्स'मध्ये कॉन्ट्रॅक्ट फिल्टर लावला की बहुतेक आयटीच्या जागा दिसतात. प्रोफाइलमध्ये काय बदलायचं, कोणाला आणि काय लिहायचं, हे कोणी नेमकं सांगेल का?

---

डेटम_ए

नोकरीचेच मेसेज येणार, कारण तुमची प्रोफाइल तेच मागते आहे. हिरवी पट्टी म्हणजे एचआरला दिलेली हाक. फिक्स्चरचं काम बाहेर देणारा माणूस एचआरमध्ये बसत नाही. तो डिझाइन हेड असतो, टूलरूमचा मॅनेजर असतो, नाहीतर भोसरी-चाकणच्या एखाद्या एसपीएम (एकाच खास कामाची मशीन बनवणाऱ्या) कंपनीचा मालक असतो. त्याला तुमचा बायोडाटा नको असतो. हातातली डिलिव्हरी वेळेत जाईल का, एवढंच त्याला बघायचं असतं.

आधी पट्टी काढा. त्याच 'ओपन टू' बटणाखाली 'प्रोव्हायडिंग सर्व्हिसेस' असा पर्याय आहे, त्यातून सर्व्हिसेस पेज तयार करा. ते फुकट आहे आणि त्यावर १० पर्यंत सेवा टाकता येतात, पण दहाच्या दहा भरू नका. तुमच्या कामाच्या जवळच्या दोन-तीन पुरे. ओळखीबाहेरच्या माणसालाही तुम्हाला थेट मेसेज करता येईल अशी सेटिंग तिथेच असते, ती चालू ठेवा. नाहीतर ज्याला काम द्यायचंय त्याचं घोडं कनेक्शन रिक्वेस्टवरच अडतं.

मग हेडलाइन. २२० अक्षरं मिळतात, पण शोधाच्या यादीत आणि मोबाइलवर त्यातलं सुरुवातीचंच दिसतं. 'सीनियर डिझाइन इंजिनिअर | सॉलिडवर्क्स | क्रिओ | ऑटोकॅड' ही नोकरी शोधणाऱ्याची हेडलाइन झाली. त्याऐवजी 'वेल्डिंग व मशीनिंग फिक्स्चर डिझाइन, कॉन्ट्रॅक्टवर | कन्सेप्टपासून डिटेल ड्रॉइंग आणि बॉमपर्यंत' असं काहीतरी लिहा (बॉम म्हणजे लागणाऱ्या सगळ्या भागांची यादी). सॉफ्टवेअरचं नाव शेवटी. 'अबाउट'मध्ये २,६०० अक्षरं बसतात, पण 'सी मोअर'च्या आधी दिसणाऱ्या पहिल्या तीन ओळींतच तुम्ही काय देता, कोणत्या फॉरमॅटमध्ये देता आणि सुरुवात कधी करू शकता हे येऊ द्या. 'पॅशनेट', 'रिझल्ट ओरिएंटेड' असली विशेषणं अजिबात नकोत.

सगळ्यात जास्त वेळ नमुन्याला द्या. कंपनीची किंवा क्लायंटची ड्रॉइंग टाकता येत नाहीत, टाकूही नका. टायटल ब्लॉक पुसून टाकलेलं ड्रॉइंगही चालत नाही, पार्ट ओळखणारा ओळखतोच. स्वतः एक काल्पनिक पार्ट घ्या: चार तुकड्यांचा वेल्डेड ब्रॅकेट. त्याचं पूर्ण फिक्स्चर करा आणि चार-पाच पानांची पीडीएफ 'फीचर्ड'मध्ये लावा.

पहिल्या पानावर पार्ट आणि त्याचं लोकेशन: ३-२-१ पद्धतीत (पार्ट सहा ठिकाणी टेकवून जागा पक्की करायची रीत) कोणते तीन रेस्ट, कोणते दोन पिन, एक स्टॉपर कुठे, आणि का. दुसऱ्यावर क्लॅम्प उघडे आणि बंद अशा दोन्ही स्थिती, वेल्डिंग टॉर्च आत जायला जागा किती आहे ते, आणि वेल्ड झाल्यावर पार्ट कोणत्या दिशेनं बाहेर निघतो ते. वेल्ड झाल्यावर पार्ट आकसतो आणि पिनवर अडकतो, इथेच निम्मी फिक्स्चर फसतात. तुम्ही तो विचार केलेला आहे हे एका बाणानं दिसलं तरी डिझाइन हेडला पुरतं. तिसऱ्या पानावर एका लोकेटर ब्लॉकचं डिटेल ड्रॉइंग: डॉवेल होल एच७ (पिनच्या भोकाची टॉलरन्स), मटेरियल, हार्डनेस, सरफेस फिनिश. शेवटी बॉम, त्यात टॉगल क्लॅम्प, सिलिंडर अशा विकत आणायच्या वस्तूंचे मेक आणि मॉडेल नंबर लिहिलेले. चकचकीत रेंडरिंग पाचव्या पानावर टाकलं तरी चालेल. काम देणारा तिसरं पान आधी उघडतो.

---

शिरोली_कास्टिंग

प्रोफाइलबद्दल वर सगळं आलं आहे. मी शोधण्याबद्दल लिहितो.

आपल्या धंद्यातलं कॉन्ट्रॅक्ट काम 'जॉब्स'मध्ये फारसं येतच नाही. ते पोस्टमध्ये येतं. मालक किंवा मॅनेजर घाईत दोन ओळी टाकतो की फिक्स्चर डिझायनर पाहिजे, पुण्याजवळचा असल्यास बरं, आणि दोन दिवसांत काम कोणालातरी गेलेलं असतं. म्हणून वरच्या शोधपट्टीत 'फिक्स्चर डिझाइन' हे शब्द अवतरणचिन्हांत टाका, पुढे कॅपिटलमध्ये 'अँड' आणि मग 'फ्रीलान्स'. अर्थात हे सगळं इंग्रजीत टाइप करून. निकालात 'पोस्ट्स' निवडा, क्रम 'लेटेस्ट' करा, मुदत 'पास्ट वीक'. 'फ्रीलान्स'च्या जागी 'आउटसोर्स', 'कॉन्ट्रॅक्ट', 'पार्ट टाइम' घालूनही बघा, कारण लोक वेगवेगळे शब्द वापरतात. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं एवढं पुरतं.

'जॉब्स' मात्र वेगळ्या कामासाठी वापरा. एखाद्या कंपनीची फिक्स्चर डिझायनरची जागा महिनाभर उघडी असेल किंवा तीच जागा पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्यांच्याकडे माणूस मिळत नाही आणि काम तुंबलं आहे. तिथे नोकरीचा अर्ज करू नका. त्या कंपनीच्या पानावर 'पीपल'मध्ये जा, डिझाइन किंवा टूलिंग बघणारा माणूस शोधा आणि त्याला लिहा की जागा भरेपर्यंत एखादं-दुसरं फिक्स्चर मी करून देऊ शकतो.

औद्योगिक पट्टेही लक्षात घ्या. वेल्डिंग फिक्स्चरचं काम चाकण, भोसरी, वाळूजकडे. मशीनिंग फिक्स्चरचं काम हवं असेल तर आमच्याकडे कोल्हापूरजवळ शिरोली-गोकुळ शिरगाव, कारण कास्टिंग इथे होतं आणि त्याच्या मशीनिंगला फिक्स्चर लागतंच. नाशिकचं अंबड-सातपूर आहे. महाराष्ट्राबाहेर राजकोट, कोइम्बतूर, होसूर. घरून काम करायचं असेल तर शोध पुण्यापुरता ठेवायचं काहीच कारण नाही.

रिक्वेस्ट पाठवताना मोफत खात्यावर नोटला २०० अक्षरं मिळतात आणि महिन्यात अशा नोट मोजक्याच पाठवता येतात. त्या वाया घालवू नका. हा मजकूर त्यात बसतो:

"नमस्कार सर. तुमच्या वेल्डिंग फिक्स्चरची पोस्ट पाहिली. मी फिक्स्चरचं मॉडेल, ड्रॉइंग, बॉम करून देतो. काम जास्त असेल तेव्हा मदत करू शकेन. नमुना ड्रॉइंग पाठवू का?"

पहिल्याच मेसेजमध्ये दर नको, बायोडाटा नको, 'काही ओपनिंग असेल तर कळवा' हे तर मुळीच नको. हो म्हणाले की लगेच नमुन्याची पीडीएफ. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण, तीही एका ओळीची. त्यानंतर पुढच्या महिन्यापर्यंत शांत. आज काम नाही म्हणणाऱ्याला दोन महिन्यांनी खरोखर गरज पडते, म्हणून एक साधी एक्सेल ठेवा: नाव, कंपनी, कधी लिहिलं, काय उत्तर आलं, पुन्हा कधी लिहायचं.

नोट संपल्या तर ग्रुप बघा. टूलिंग किंवा एसपीएमच्या एकाच ग्रुपमध्ये असाल तर कनेक्शन नसलेल्या सदस्यालाही मेसेज करता येतो.

दोन गोष्टींनी खातं अडकतं. एक, रिक्वेस्ट आपोआप पाठवणारी एक्स्टेन्शन. लिंक्डइनच्या अटींत त्यांना बंदी आहे, खातं गोठतं आणि सगळी ओळख एका दिवसात हातची जाते. दुसरं, न स्वीकारलेल्या शेकडो रिक्वेस्ट तशाच पडलेल्या असणं. जुन्या मागे घेत राहा, फक्त मागे घेतल्यावर त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. आणि लोकांचा फार शोध घेतला की मोफत खात्यावर शोधाची मर्यादा लागते. ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेला उठते, त्यासाठी घाबरून प्रीमियम घेऊ नका.

---

वाळूज_टूलिंग

दोघांचेही आभार. पट्टी काढली, ब्रॅकेटचं मॉडेल सुरू केलं आहे. एक सांगायचं राहिलं: मी अजून नोकरीत आहे. सर्व्हिसेस पेज टाकलं तर कंपनीला दिसेल. आणि दर कसा सांगायचा?

---

डेटम_ए

हे आधी सांगायला हवं होतं, कारण मग क्रम बदलतो. सर्व्हिसेस पेज सगळ्यांना दिसतं, तुमच्या मॅनेजरलाही. 'ओपन टू वर्क' फक्त रिक्रूटरना दाखवायची सोय आहे आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण खात्री देत नाही.

आज रात्री नेमणूकपत्र काढून वाचा. तीन कलमं बघा: नोकरीत असताना दुसरं काम करायला मनाई आहे का, तुम्ही केलेल्या डिझाइनचे हक्क कोणाकडे जातात, आणि गोपनीयता. नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करायचं नाही असं कलम असेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे ते सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची मनाई टिकते आणि गोपनीयता नंतरही टिकते. मनाई असेल तर लेखी परवानगी मागा, नाहीतर पेज आणि मेसेज दोन्ही नोकरी सोडेपर्यंत थांबवा. नमुना, हेडलाइनचा मसुदा, कंपन्यांची यादी हे तोवर तयार करता येतं.

कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं लायसन्स बाहेरच्या कामाला कधीही वापरू नका. हे फक्त नीतीचं नाही. फाइलच्या प्रॉपर्टीमध्ये कंपनीची नावं आणि टेम्प्लेट राहतात आणि क्लायंटला ती दिसतात.

---

पीओ_आधी

दराचं मी सांगतो, मग पैशांचं. पैशांचं जास्त लिहितो, कारण काम मिळूनही माणूस बुडतो तो इथे.

महिन्याला घरात ६०,००० हवेत असं धरा. लायसन्स, कॉम्प्युटर, वीज-इंटरनेट, आरोग्य विमा, सीए यांचे मिळून २०,०००. झाले ८०,०००. महिन्यात बिल लावता येतील असे तास १०० च्या वर धरू नका. उरलेला वेळ कोटेशन, फोन, रिव्हिजन आणि वसुलीत जातो. म्हणजे तासाला ८००. पगाराला २०० तासांनी भागून ३०० चा दर सांगणारे सहा महिन्यांत परत नोकरी शोधतात. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

क्लायंटला मात्र तासाचा दर सांगू नका, फिक्स्चरमागे सांगा. आधी तास मोजा: कन्सेप्ट, थ्रीडी, डिटेलिंग, बॉम, चेकिंग. एकूण ४० तास आले तर त्यावर २० टक्के धरा आणि मग रक्कम. कोटेशनमध्ये काय धरलं आहे हे लिहा, आणि काय धरलेलं नाही हे त्याहून ठळक लिहा. 'कन्सेप्ट मंजूर होईपर्यंत २ फेऱ्या, डिटेल ड्रॉइंगनंतर १ फेरी. पार्टचं ड्रॉइंग बदलल्यास तो बदल वेगळा आकारला जाईल.' हे शेवटचं वाक्य विसरलात तर हमखास मार बसतो. फिक्स्चर पूर्ण होतं आणि मग क्लायंटचा क्लायंट पार्टचं भोक ५ मिमी सरकवतो. त्या एका भोकामागे पिन, ब्लॉक, बेसप्लेट, सगळं हलतं, आणि समोरचा म्हणतो छोटासाच बदल आहे.

सुरुवातीला घ्यायच्या गोष्टी: पार्टचं स्टेप मॉडेल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल) आणि रिव्हिजन नंबर असलेलं टूडी ड्रॉइंग, मशीनची किंवा पोझिशनरची मापं, रोजचं उत्पादन किती, क्लॅम्पिंग हातानं की हवेवर, कोणत्या मेकचे भाग त्यांच्याकडे चालतात. यातलं एकही नसताना मॉडेल सुरू करू नका.

टप्पे: ३० टक्के पीओबरोबर (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर) ॲडव्हान्स, ४० कन्सेप्ट मंजुरीवर, ३० अंतिम फाइल देताना. कन्सेप्ट पीडीएफमध्ये दाखवा किंवा स्क्रीन शेअर करून. स्टेप आणि मूळ फाइल शेवटच्या हप्त्यानंतरच. 'एक फिक्स्चर फुकट करून दाखवा, पुढे दहा देऊ' असं कोणी म्हणालं तर तुमचा ब्रॅकेटचा नमुना पाठवा. फार तर एका लोकेटरचं दोन तासांचं काम करा, पूर्ण फिक्स्चर नाही.

हक्कांचंही एक वाक्य हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून केलेल्या कामाचा पहिला हक्क सहसा करणाऱ्याचा असतो आणि तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. म्हणून 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी कंपनीकडे' असं लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. क्लायंटला ही स्पष्टता आवडते, आणि तुम्हाला थकबाकीच्या वेळी आधार राहतो.

आता उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. ही नोंदणी पहिलं काम घ्यायच्या आधी करा, मागाहून केलेली जुन्या बिलाला लागत नाही. सूक्ष्म उद्योग म्हणून तुमची नोंद असली की २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून या मुदतीत न दिलेला खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मालकाला फोन करून जे होत नाही ते मार्च महिन्यात त्यांचा अकाउंटंट आपणहून करतो.

टीडीएस: व्यावसायिक फी म्हणून कंपनी साधारण १० टक्के कापते, एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यावर. पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरच्या तुमच्या विवरणात (२६एएस) दिसते का ते दर तिमाहीला बघा. कापून न भरलेली रक्कम वर्षाअखेरीस शोधत बसणं त्रासाचं होतं. इंजिनिअरिंगच्या व्यवसायाला (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए) निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे, त्यामुळे सीएकडे जाताना क्रमांकापेक्षा तरतूद सांगा. वर्षाला २० लाखांपर्यंत सेवांना जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका.

पीओ स्वीकारण्याआधी समोरच्याची खात्री दोन ठिकाणी होते: जीएसटी पोर्टलवर त्यांचा क्रमांक टाकून तो चालू आहे का बघायचं, आणि कंपनी असेल तर एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर तिची माहिती. प्रोफाइलवर 'अबाउट धिस प्रोफाइल'मध्ये खातं कधी उघडलं ते दिसतं. गेल्याच महिन्यातलं खातं, मोठ्या कंपनीचं नाव, लगेच टेलिग्रामवर यायचा आग्रह आणि 'नोंदणी फी' किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' म्हणून पैशांची मागणी, हे सगळं एकत्र दिसलं की तिथेच ब्लॉक करा. काम देणारा पैसे मागत नाही.

---

थर्ड_अँगल

बाहेरच्या देशातल्या क्लायंटबद्दल थोडं. आपण आणि युरोप फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतो, अमेरिका थर्ड अँगल (ड्रॉइंगवर पार्टची दृश्यं मांडायच्या दोन पद्धती). अमेरिकन वर्कशॉपला फर्स्ट अँगलचं ड्रॉइंग गेलं आणि कोपऱ्यातलं चिन्ह कोणी बघितलं नाही तर उजव्या हाताचा ब्लॉक डाव्या हाताचा होऊन येतो. अमेरिकेच्या कामासाठी शीट फॉरमॅटच वेगळं ठेवा: थर्ड अँगल, इंच की मिमी ते आधी विचारून, टॉलरन्स एएसएमई वाय१४.५ या अमेरिकन मानकाप्रमाणे. जर्मनीच्या कामाला आयएसओ. आपल्या सवयीची आयएसओ २७६८-एम ची (सर्वसाधारण टॉलरन्सची) टीप अमेरिकन ड्रॉइंगवर तशीच राहिली तर वर्कशॉप फोन करून विचारतं, किंवा विचारतच नाही, जे जास्त वाईट.

लायसन्सचा प्रश्न बाहेरचे क्लायंट सरळ विचारतात. विद्यार्थी किंवा मेकर्स आवृत्तीच्या फाइलवर डिजिटल खूण उमटते आणि ती धंद्याला वापरायची नसतेच. क्रॅक तर विषयच नको. खर्च झेपत नसेल तर सुरुवातीला फ्रीकॅड घ्या, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि ती धंद्याला मोकळी आहे. फक्त क्लायंटला मूळ सॉलिडवर्क्स फाइल हवी असेल तर ते काम सोडावं लागेल. क्लायंटची आवृत्ती कोणती, हेही आधी विचारा. सॉलिडवर्क्स २०२४ पासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करता येतं, त्याहून जुनं नाही. त्याच्याकडे २०१९ असेल तर स्टेप देणार हे कोटेशनमध्येच लिहा.

पैसे आल्यावर बँक कशाचे आले ते विचारते. बिल आणि पीओ जोडून द्या आणि बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला मागून ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीच्या बिलावर कर न लावता काम करता येतं.

---

वाळूज_टूलिंग

नेमणूकपत्र वाचलं. बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते, तसा अर्ज आज दिला. परवानगी मिळेपर्यंत नमुना पूर्ण करतो. @डेटम_ए, ब्रॅकेटच्या नमुन्यात क्लॅम्पिंग हाताचं दाखवू की न्यूमॅटिक?

---

डेटम_ए

हाताचं, टॉगल क्लॅम्पवर. छोट्या टूलरूमचं बहुतेक काम तेच असतं आणि चार पानांत ते नीट मावतं. फक्त एक क्लॅम्प असा ठेवा की पार्ट उलटा बसला तर तो बंदच होणार नाही, आणि त्या जागी 'उलटा बसत नाही' अशी टीप बाणानं द्या. क्लॅम्पचा मेक-मॉडेल बॉममध्ये आणि लेआउटवर सारखाच आहे ना, ते पीडीएफ करायच्या आधी एकदा तपासा.